चिसातोचा त्रिकोण

(रविवारच्या प्रौढ वर्गाची खोली, गावच्या सभागृहात वरच्या मजल्यावर. मार्चमधली दुपार. टेबलाशी तिघी बसल्या आहेत: चव्वेचाळीस वर्षांची चिसातो, तिची म्हातारी आई मुत्सुए, आणि वर्गाच्या नोगामी बाई. चिसातोसमोर वर्षअखेरचा कागद.)

मुत्सुए : गोल काढ ना गं तिथे. बाईंनासुद्धा गोलच वाटतोय.

नोगामी : मुत्सुएसान, मी अजून काहीच म्हटलेलं नाही. आपलं ठरलंय ना, आधी चिसातोसान, मग मी, शेवटी तुम्ही. आणि पेन्सिल फक्त त्यांच्या हातात.

मुत्सुए : चुकलं माझं. दर वर्षी चुकतं. तुम्ही तिला चिसातोसान म्हणता, अहोजाहो करता, तेव्हा मला वाटतं दुसऱ्याच कुणा बाईबद्दल चाललंय, आणि मी मध्ये बोलते.

चिसातो : त्रिकोण.

नोगामी : त्रिकोण काढलात. बरं. आपण तिघी एकदा बघूया हं. गोल म्हणजे आलं. त्रिकोण म्हणजे येतंय, पण पूर्ण नाही. फुली म्हणजे नाही आलं.

चिसातो : माहीत आहे. तीन वर्षं माहीत आहे.

नोगामी : खरंय. मागच्या एप्रिलमध्ये तुम्ही तीन गोष्टी निवडल्या होत्या. एकटीने बसने येणं. त्याला गोल दिलात. घरचा फोन उचलून निरोप लिहून ठेवणं. त्यालाही गोल. आणि तिसरी, जेवायच्या काड्यांनी उचलायला शिकणं. चमचा सोडून.

मुत्सुए : मी आता बोलू का?

नोगामी : तुमची पाळी शेवटी.

मुत्सुए : एवढंच सांगते आणि गप्प बसते. घरी मासा खाताना हिच्या ताटलीत काटा बघा आणि माझ्या ताटलीत बघा. हिचा काटा डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा निघतो. चव्वेचाळीस वर्षं चमच्याने जेवली ही मुलगी, आणि वर्षभरात हे. मी तर सकाळी देवघरात भात ठेवताना हिच्या बाबांच्या फोटोला सांगूनही टाकलं, म्हटलं, झालं हो, लेक काड्या धरायला लागली.

नोगामी : मलाही तसंच दिसतंय. शेवया उचलता, तोफू उचलता, तोसुद्धा मऊवाला. कागद तुमचा आहे चिसातोसान, त्रिकोण तर त्रिकोण. पण शेजारी कारणाचा रकाना आहे. तिथे मला तुमचे शब्द लिहायचेत. का त्रिकोण?

चिसातो : एकटीने येतं. दोघांनी नाही येत.

नोगामी : दोघांनी म्हणजे?

चिसातो : बाई रागावतील.

नोगामी : मी का रागावेन?

चिसातो : रागावलात. जानेवारीत. मग जागा बदललीत.

नोगामी : अच्छा, ते. हो, ते झालं होतं. मुत्सुएसान, तुम्हाला सांगायचं राहून गेलं. नव्या वर्षाचं जेवण होतं वर्गात, सगळे बसले होते. बघते तर ह्या आणि आपल्या वर्गातले कुरोदासान, दोघं मिळून एकच सोयाबीनचा दाणा धरून बसलेले. ह्या एका बाजूने काड्या लावतायत, ते दुसऱ्या बाजूने. मी हळूच सांगितलं की जेवताना असं करू नये. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र माझा आवाज चढला. सगळ्यांसमोर म्हटलं की हे अशुभ असतं, लहान मुलांनाही कळतं. मग कुरोदासानना खिडकीपाशी बसवलं. खरं सांगायचं तर माझ्या रकान्यात मी टाइप करूनच आणलंय, काड्या धरता येतात, ताटावरचे शिष्टाचार अजून शिकायचे आहेत. मीही त्रिकोणच देणार होते. म्हणजे आपलं जुळलंच की.

चिसातो : नाही जुळलं. माझा त्रिकोण वेगळा आहे.

मुत्सुए : बाई, कुरोदासान म्हणजे ते उंचसे, टोपी घालतात ते? ज्यांची आई मागच्या शरदात गेली?

नोगामी : हो, तेच.

मुत्सुए : चिसा. सोयाबीन कशाला धरत होतीस त्यांच्याबरोबर?

चिसातो : सोयाबीन पहिल्यांदा. मग तोफू. मग पापड. कुरोदासान म्हणाले, सोयाबीन खोटं आहे, जड असतं. तोफू पण खोटा, ओला असतो. खरं हलकं असतं आणि कोरडं. जोरात धरलं की भुगा. म्हणून तांदळाचा पापड. आमच्या कामावर तुटके मिळतात, ते मी पिशवीत आणते.

मुत्सुए : बाई, घसा कोरडा पडलाय. खालून थोडा चहा मिळेल का?

नोगामी : हो, आणते ना.

चिसातो : बाईंनी बसायचं. माझा कागद संपला नाही.

मुत्सुए : चिसा, आपण घरी बोलू.

चिसातो : घरी नाही. घरी तू देवघरात जातेस. घंटा वाजवतेस. घंटा वाजली की बोलायचं नसतं.

नोगामी : थांबा. दोघांनी एकच वस्तू धरायची, दोन बाजूंनी, हलकी, कोरडी. चिसातोसान, तुम्ही अस्थी सावडण्याबद्दल बोलताय का, दोघांनी मिळून काड्यांनी हाड उचलतात त्याबद्दल?

चिसातो : हो.

नोगामी : आणि मी तिसऱ्यांदा आवाज चढवून म्हटलं की हे अशुभ, हे फक्त सावडताना करतात.

चिसातो : हो. म्हणून मला कळलं की बरोबर करतोय.

नोगामी : आई गं. माझ्या कसं लक्षात आलं नाही.

मुत्सुए : तुमचे आईवडील दोघंही आहेत ना, बाई?

नोगामी : आहेत.

मुत्सुए : मग कसं येणार लक्षात. असू दे. कुरोदासानचं दुःख ताजं आहे, हिचं मन हळवं, दोघांनी खेळ मांडला असेल.

चिसातो : खेळ नाही. मला आईच्या सावडायच्या आहेत.

मुत्सुए : आई इथे बसलीय की तुझ्यासमोर. चहाची वाट बघत.

चिसातो : आत्ता नाही. नंतर.

मुत्सुए : तुला कोण काय बोललं? तोशिए आत्या बोलली?

चिसातो : कोणी नाही बोललं. कोणीच बोलत नाही. तू दुकानात जाऊन फोटो काढलास. चांगला किमोनो घातलास आणि हसली नाहीस. बाबांनी पण असाच काढला होता, तो आता देवघरात आहे. मग तो किमोनो आत्याला दिलास. कपाटात निळी बॅग आहे. तिच्यात माझे कपडे आहेत, सगळ्यांवर नाव शिवलंय. मोज्यांवर पण. आणि फोन आला.

मुत्सुए : कुठला फोन?

चिसातो : दवाखान्याचा. मी उचलला. त्याला गोल दिलाय ना.

नोगामी : चिसातोसान, काय निरोप होता?

चिसातो : वरच्या मजल्यावरच्या विभागात मे महिन्यात जागा होईल, यायचं का ते कळवा. मी लिहिलं. दोनदा वाचून दाखवलं त्यांना, बाईंनी शिकवलं तसं. मग फ्रिजवर लावलं.

मुत्सुए : तो कागद मी काढून टाकला. मला वाटलं, कानावर पडलं तसं उतरवलंय बिचारीनं. कळलं नसेल काही.

चिसातो : मी कुरोदासानना विचारलं, वरचा मजला म्हणजे काय. त्यांची आई तिथेच होती. ते म्हणाले तिथे दुखत नाही. खिडकी मोठी आहे. सव्वीस दिवस होती.

मुत्सुए : कॅन्सर आहे बाई, स्वादुपिंडात. हिच्यासमोर हा शब्द आज पहिल्यांदा काढतेय. पावसाळा दिसेल, त्यापुढचं सांगता येत नाही म्हणाले. मी आज आले ती तुम्हाला हेच सांगायला. म्हटलं, माझी पाळी आली की माझ्या रकान्यात लिहीन, पुढच्या वर्षी हिला रात्री बाहेर राहायची सवय करावी. एक रात्र, मग दोन, मग सात. न रडता. एवढंच मागणार होते.

नोगामी : आणि मी लिहून आणलंय, बस बदलून शेजारच्या गावी जाणं.

चिसातो : मला कोणी विचारलं नाही.

नोगामी : विचारते. आत्ता विचारते. चिसातोसान, पुढच्या वर्षी तुम्हाला काय शिकायचंय?

चिसातो : तेच. दोघांनी उचलणं. पण वर्ष नाही. पावसाळ्याच्या आत.

मुत्सुए : बाई, हे लिहू नका. तुम्हाला मागचं माहीत नाही म्हणून सांगते. हिचे आजोबा गेले तेव्हा ही एकोणीस वर्षांची. आम्ही हिला स्मशानात नेलं. सगळा वेळ नीट बसली, फुलं ठेवली, नमस्कार केला. तासाभराने भट्टीचं दार उघडून तो सरकता ओटा बाहेर ओढला, आणि ही जी ओरडली. भिंतीला पाठ लावून ओरडतच राहिली. भटजींचं मंत्र म्हणणं थांबलं. तोशिएबाईंनी हिला दंडाला धरून बाहेर नेलं. नंतर कितीतरी महिने ही भात शिजवायच्या भांड्याचं झाकण उघडू द्यायची नाही. ते मी काढलंय, बाई. दुसरं कोणी नाही काढलं.

चिसातो : मला कोणी सांगितलं नव्हतं.

मुत्सुए : काय सांगितलं नव्हतं?

चिसातो : आजोबा आत गेले. चष्मा होता, फुलं होती, पांढरा सदरा होता. बाहेर आले तेव्हा आजोबा नव्हते. पांढरे तुकडे होते. सगळ्यांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मला वाटलं काहीतरी चुकलं. कोणीच ओरडत नव्हतं म्हणून मी ओरडले.

नोगामी : पंचवीस वर्षं झाली त्याला.

मुत्सुए : हो. आणि पंचवीस वर्षं मी म्हणत आले की हिला कळत नाही, म्हणून ओरडली.

चिसातो : मग बाबा गेले. मला नेलं नाही.

मुत्सुए : तुझ्या भल्यासाठीच. मागच्या गल्लीतल्या काकूंकडे ठेवलं होतं. त्यांनी तुझे लाड केले होते.

चिसातो : केक दिला. स्ट्रॉबेरीचा. मी खाल्ला. टीव्ही लावला होता. नंतर घरी आले तर देवघरापुढे पांढऱ्या कापडातली पेटी होती आणि तू म्हणालीस, हे बाबा. बाबा जळत होते तेव्हा मी केक खात होते.

मुत्सुए : तुझ्या मनात हे कधीपासून आहे?

चिसातो : तेव्हापासून. मी केक खात नाही. तू म्हणतेस, चिसाला गोड आवडत नाही.

नोगामी : मी खरंच चहा आणू का?

मुत्सुए : नको. बसा. आता बसाच. बाई, तुम्ही मला वाईट समजाल, पण खरं सांगते. तेव्हा तोशिएबाई म्हणाल्या होत्या, ही पाडेल. हिचे हात असे, भावाचं हाड जमिनीवर पडलं तर मला बघवणार नाही. आपल्या घराण्याला ते बरं नाही म्हणाल्या. आणि मी मान डोलावली. मला सुटल्यासारखं झालं. एक दिवस तरी माझं मी रडू शकेन, हिच्याकडे न बघता. असं वाटलं मला.

नोगामी : तसं वाटणारच.

मुत्सुए : आता माझ्या वेळेचंही लिहून ठेवलंय. म्हातारी माणसं लिहितात ना वही, माझ्यामागे काय कसं करायचं. फूल कुठलं, भटजी कोण, घड्याळ कुणाला. तिसऱ्या पानावर आहे, तोशिएबाईंचा मुलगा मासातो सगळे विधी करील, चिसातोला त्या दोन दिवसांत दिव्यांगांच्या निवासात ठेवावं. निळी बॅग त्यासाठीच आहे.

चिसातो : मी वाचलं. माझं नाव मला वाचता येतं. निवास पण येतं.

मुत्सुए : आणि मोज्यांवर नावं शिवताना मी म्हणत होते, किती छान गुपचूप चाललंय.

नोगामी : मुत्सुएसान, मला ह्यात बोलायचा अधिकार नाही. मी रविवारची बाई. पण एक विचारू द्या, त्यांनाच. चिसातोसान, तुमच्या त्रिकोणाचा गोल कधी होईल? काय काय जमलं की तुम्ही गोल द्याल?

चिसातो : पापड फुटला नाही की. दोघांनी धरलेला. हात थरथरला तर चालतो, पण सोडायचा नाही. पायापासून सुरू करायचं. पाय, मग गुडघा, मग वर. डोकं शेवटी. मग आई मडक्यात उभी राहते. उलटं केलं तर आई डोक्यावर उभी राहील.

मुत्सुए : ते नको. सांधे आधीच धरलेत.

चिसातो : सगळ्यात शेवटी घशातलं छोटं हाड. ते बसलेल्या बुद्धासारखं दिसतं. ते जवळच्या माणसाने उचलायचं. आणि ओरडायचं नाही. रडलं तर चालतं. कुरोदासान रडले, पण काड्या धरून ठेवल्या होत्या. नाक वाहिलं तरी पुसायचं नाही, आधी ठेवायचं, मग पुसायचं.

नोगामी : हे सगळं त्यांनी शिकवलं?

चिसातो : कागदावर काढून. पहिल्यांदा सांगितलं की दार उघडलं की काय दिसेल. रंग कसा. वास कसा. अजून गरम असतं ते पण. मी विचारलं तितक्यांदा सांगितलं. अकरा वेळा.

नोगामी : आणि मी त्यांना खिडकीपाशी बसवलं.

चिसातो : तिथून ते हाताने दाखवायचे. तुम्ही फळ्याकडे तोंड केलं की.

नोगामी : बरं. आता किती जमतं?

चिसातो : कुरोदासानबरोबर दहातले सहा.

मुत्सुए : आणि उरलेले चार?

चिसातो : भुगा. मग तो भुगा आम्ही खातो.

मुत्सुए : खाता.

चिसातो : पापड आहे तो, आई.

मुत्सुए : हो. हो, पापडच आहे. मला हसू येतंय बाई, माफ करा. हसलं की इथे दुखतं.

नोगामी : मग म्हणून त्रिकोण. दहातले सहा.

चिसातो : म्हणून त्रिकोण. खोटा गोल द्यायचा नाही, तुम्हीच सांगितलं पहिल्या वर्षी. बाईंना खूश करायला गोल नाही. आईला खूश करायला पण नाही.

मुत्सुए : चिसा, इकडे बघ. तुला ते आठवत राहील. मी नसेन तेव्हा. तू एकटी असशील, दिवा मालवशील, आणि ते दार, तो ओटा, तुझ्या आईचे तुकडे. मी तुला ते देऊन कशी जाऊ?

चिसातो : केकपण आठवतो.

मुत्सुए : केक?

चिसातो : केक जास्त आठवतो.

नोगामी : मुत्सुएसान, पाणी घ्या.

मुत्सुए : घेते. बाई, एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. ही सहा महिन्यांची असताना डॉक्टरांनी सांगितलं की ही इतर मुलांसारखी होणार नाही. दुसऱ्या दिवसापासून माझा नेम. पहाटे उठायचं, देवघरात ताजा भात आणि पाणी ठेवायचं, घंटा वाजवायची, आणि एकच मागायचं. हिच्यापेक्षा मला एक दिवस जास्त दे. वर्ष नको, महिना नको, एक दिवस. हिला पोचवीन आणि मागोमाग येईन. ताप असला तरी नेम चुकवला नाही. आमच्यासारख्या बऱ्याच आया हेच मागतात, मला माहीत आहे. आई होऊन लेकरासाठी काय मागते बघा. चाळिसावर वर्षं मी हिचं मरण मागत आले, नुसतं माझ्या आधी असावं म्हणून.

नोगामी : तुम्ही मरण नव्हता मागत.

मुत्सुए : दुसरं काय होतं ते? गोड शब्दात गुंडाळलेलं. मला नेहमी वाटायचं, मीच हिच्या अस्थी सावडीन.

चिसातो : माझी हाडं?

मुत्सुए : हो राणी.

चिसातो : तू एकटीने?

मुत्सुए : हो. मी एकटीने.

चिसातो : एकटीने नाही येत. दोघं लागतात. तुझ्याबरोबर कोण होतं?

मुत्सुए : कोण होतं म्हणजे?

चिसातो : तू रोज मागायचीस तेव्हा. माझी हाडं उचलायला दुसरं कोण होतं?

मुत्सुए : कोणी नव्हतं गं. मी कधी मोजलंच नाही. मी आणि ती पेटी, एवढंच दिसायचं मला.

चिसातो : मग तुलापण त्रिकोण.

मुत्सुए : फुली दे. त्रिकोण कसला.

नोगामी : चिसातोसान, कारणाच्या रकान्यात काय लिहू? तुम्ही सांगा, मी तसंच उतरवते.

चिसातो : लिहा. एकटीने येतं. दोघांनी दहातले सहा येतं. आईच्या वेळी दहा पाहिजेत. बस बदलायचं नंतर शिकेन.

नोगामी : लिहिलं. आणि मी जे टाइप करून आणलंय, ते शिष्टाचाराचं वाक्य, ते खोडते. कुरोदासानची माफी मागायचीय मला, पुढच्या रविवारी.

चिसातो : बाईंना येतं का? दोघांनी?

नोगामी : नाही. माझ्यावर अजून वेळच आली नाही.

चिसातो : मग बाईंना फुली. येईल हळूहळू.

नोगामी : मुत्सुएसान, आता तुमची पाळी. तुमचा रकाना.

मुत्सुए : पेन्सिल तिच्याच हातात असते ना?

नोगामी : तुमच्या रकान्यापुरती तुमच्या.

मुत्सुए : काय लिहू तेच कळेना. मासातोला सांगावं लागेल. तो नाही म्हणणार नाही, पण त्याची आई म्हणेल. तोशिएबाई ऐंशीच्या पुढे गेल्या, तरी त्यांचं म्हणणं अजून दणकट आहे. वहीतलं तिसरं पान खोडलं तर विचारतील, कुणाच्या सांगण्यावरून खोडलं?

चिसातो : माझ्या.

मुत्सुए : तुझ्या. बरं. सांगीन, चिसाच्या. आणि म्हणाल्या की पाडेल, तर?

चिसातो : पडू शकतं. दहातले चार.

मुत्सुए : हे तू त्यांना सांगू नकोस.

चिसातो : विचारलं तर सांगेन.

मुत्सुए : सांगशीलच तू. कुरोदासान येऊ शकतील का गं तिथे? म्हणजे नातं नाही, पण बाहेरच्या बाकावर बसायला. दार उघडण्याआधी तुला पुन्हा एकदा सगळं सांगायला.

चिसातो : त्यांनी सुट्टी मागून ठेवलीय. कुठल्या दिवसाची ते नाही सांगितलं.

नोगामी : मुत्सुएसान, सावकाश लिहा. घाई नाही.

मुत्सुए : लिहिते. "चिसातो माझ्या वेळी हजर राहील. तिला आधी सगळं सांगावं. काही लपवू नये." बास? अक्षर बघा कसं आलंय. वहीत मोठ्या झोकात लिहिलं होतं मी.

नोगामी : छान आलंय.

मुत्सुए : आता राहिलं काय? चिसा, ती पिशवी उघड. पापड आहेत ना आत? आणि तुझ्या काड्या?

चिसातो : आहेत. दोन जोड. एक कुरोदासानची.

मुत्सुए : ती मला दे.

नोगामी : मुत्सुएसान, खरंच?

मुत्सुए : टेबलावर असं धरलं तर माझी आई काड्या हिसकावून हातावर मारायची. सत्तर वर्षांत चुकूनसुद्धा झालं नाही माझ्याकडून. दार तेवढं लावा बाई. खालचे लोक बघतील तर म्हणतील, म्हातारीला वेड लागलं.

नोगामी : लावलं.

चिसातो : तिथे काड्या लांब असतात. एक बांबूची, एक दुसऱ्या झाडाची. ह्या छोट्या आहेत. चालतं. आई, तू त्या बाजूला ये. माझ्या समोर.

मुत्सुए : आले.

चिसातो : पायापासून. हा मोठा तुकडा पाय आहे.

मुत्सुए : डावा का उजवा?

चिसातो : डावा.

मुत्सुए : डावाच बरा. तोच ठणकतो जास्त.

चिसातो : बोलायचं नाही. बोललं की हात हलतो. आधी मी लावते. आता तू लाव. दाबू नकोस. नुसतं लाव.

मुत्सुए : असं?

चिसातो : असं. आता दोघी एकदम वर. हळू. मी एक म्हणते तेव्हा. एक.

नोगामी : उचललात.

चिसातो : आता बाजूला. बशी म्हणजे मडकं. माझ्याकडे बघू नकोस, तुकड्याकडे बघ. आई, तुझा हात थरथरतोय.

मुत्सुए : हो गं. सोडत नाहीये पण.

चिसातो : थोडं अजून. थोडं. आई, पडला.

मुत्सुए : पडू दे, राणी. मला लागलं नाही.